तेरा दिवसांची बाटली

बारकीला पहिल्यांदा शंका आली ती बाबांच्या चपलांवरून. सुट्टीच्या सकाळी ती भावाकडे गेली, तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला बसून उजव्या पायात डावी चप्पल घालत होते. ती निसटत होती, ते पुन्हा घालत होते. बारकीला बघून ते हसले, पण नजर तिच्यावर ठरेना. बुबुळं आपली इकडून तिकडे थरथरत होती.

"आलीस?" एवढा एक शब्द, पण तोही त्यांच्या तोंडातून ओल्या कापडासारखा लोंबत बाहेर आला.

"वहिनी, बाबांना काय झालंय?"

वहिनी शिवणयंत्रावर होती. खिडकीइतका मोठा निळा पडदा तिच्या मांडीवरून जमिनीवर पसरला होता. तिने पायडल थांबवलं नाही. "सुस्ती आलीय. परवापासून असंच आहे. झोप, झोप आणि झोप."

"आणि दादा?"

"तो परवाच गेला ना ट्रक घेऊन."

बारकीने हे वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं. परवा दादा गेला. परवापासून सुस्ती.

बारकी म्हणजे नावालाच बारकी. वय छत्तीस, उंची अशी की भावाच्या स्वयंपाकघराच्या दारात तिला मान वाकवावी लागे. दोन भावंडांतली धाकटी म्हणून घरात बारकी झाली आणि ते नाव तिच्या मागोमाग कारखान्यातही गेलं. कप-बशांच्या त्या कारखान्यात ती झिलई खात्यात होती. काचेची पूड, पांढरी माती आणि खडूची भुकटी पाण्यात कालवून सायीसारखं दाट पाणी करायचं, ती झिलई. एकदा भाजलेला खडबडीत कप त्यात तीन मोजेपर्यंत बुडवायचा, उलटा करून निथळायचा. भट्टीतून परत आला की आरशासारखा. दिवसाला नऊशे कप बुडवून बारकीची नखं कायम पांढरी असत. राहायला ती दोन गल्ल्या पलीकडे, एकटी, एका खोलीत.

बाबा निवृत्त तिकीट-तपासनीस. तीस वर्षं बसमध्ये चढून लोकांच्या हातातली तिकिटं उलटी-सुलटी करून पाहिली. दहा महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, डावी बाजू लुळी पडली, आणि त्यानंतर झटके यायला लागले. झटके थांबवायला गोळ्या होत्या. पुढे गोळी घशात अडकायला लागली म्हणून डॉक्टरीणबाईंनी चार महिन्यांपूर्वी तेच औषध पातळ रूपात लिहून दिलं. गुलाबी रंगाचं, जाड तपकिरी बाटलीत. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाच-पाच मिली. दोनशे मिलीची बाटली तेरा दिवस पुरायची.

दादा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. सहा दिवस घरी, सात दिवस रस्त्यावर. घरी येताना कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून नवी बाटली घेऊनच यायचा. बाकी सगळं वहिनीवर होतं, म्हणजे बाबांना उठवणं, पुसणं, भरवणं आणि औषध देणं. आणि उरलेल्या वेळात पडद्यांचं शिवण.

वहिनी वाईट होती असं बारकीला आधी कधी वाटलं नव्हतं. थोडी तुटक होती. बोलायला बसली तर हातातलं काम न सोडता बोलायची. पण आता बारकीच्या डोक्यात एक किडा शिरला होता, आणि किडा शिरला की साधी गोष्टही साधी दिसत नाही. बाबांची खोली घरातली सगळ्यात उजेडाची. "इथे यंत्र ठेवलं असतं तर डोळे वाचले असते," असं वहिनी एकदा म्हणाली होती. तेव्हा बारकीने मान डोलावली होती. आता ते वाक्य तिला वेगळंच ऐकू येऊ लागलं.

ती कारखान्यातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने खुणा करू लागली. दादा असला की एक रेघ, नसला की दोन. बाबा सुस्त असले की गोल, झटका आला की फुली. दीड महिन्यात चित्र स्पष्ट झालं. दादा गेला की दोनेक दिवसांत गोल सुरू व्हायचे, आणि दादा परत आला की बाबा शुद्धीवर यायचे, बोलायचे, विनोदसुद्धा करायचे. फुल्या पडायच्या त्या मात्र दादा घरी असतानाच.

झटक्यांचं काय, ते तिला उमगेना. गोलांचा अर्थ तिने लावून टाकला. नवरा बाहेर गेला की म्हातारा झोपलेला बरा. यंत्र बिनघोर चालतं.

तेव्हापासून दादा नसलेल्या आठवड्यात ती रोज कामावरून सुटली की तिकडे जाऊ लागली. जाताना भाज्यांचं सूप डब्यात घेऊन जायची. सूप हे निमित्त. खरं म्हणजे पाळत. वहिनी औषध देताना ती दाराशी उभी राहायची. वहिनी छोट्या मापाच्या पेल्यात औषध ओतायची, तेही किती अलगद! बाटली जरासुद्धा हिंदकळू द्यायची नाही, म्हणजे फेस येऊन माप चुकायला नको. पेला डोळ्यांच्या रेषेत धरायची. पाचच्या रेघेवर बरोबर पाच. एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही.

"काय बघतेस?" वहिनीने एकदा विचारलं.

"काही नाही. माप बघते. आमच्याकडेही मापाचंच काम."

"मग बघ." वहिनीने पेला तिच्या नाकासमोर धरला. "पाच आहे ना?"

पाच होतं. बारकीला त्याचाही राग आला.

त्याच आठवड्यात तिने एक चूक केली. बाबांसमोर, सूप भरवता भरवता, हळूच विचारलं, "बाबा, वहिनी तुम्हाला औषधाशिवाय आणखी काही देते का हो? पाण्यातून, दुधातून?"

बाबा अर्धवट झोपेत होते. पण तिकीट-तपासनिसाच्या आत काहीतरी जागं झालं. दुसऱ्या दिवशी वहिनीने दुधाचा पेला पुढे केला तर त्यांनी उजव्या हाताने तो अडवला. "काय टाकलंस यात?"

"साखर," वहिनी म्हणाली.

"दाखव."

वहिनीने साखरेचा डबा आणून दाखवला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बारकी सगळं पाहत होती. आपण काय पेरलं हे तिला कळलं, पण थोडं समाधानही वाटलं. आता बाबा स्वतःच सांभाळतील, असं तिला वाटलं.

दादा परतल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांना मोठा झटका आला. दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून भुवया वर केल्या. "रक्तात औषध फारच कमी आहे. निम्म्याहूनही कमी. डोस चुकतायत का?"

"एकही नाही," वहिनी म्हणाली.

"दहा दिवसांनी पुन्हा तपासू. तोवर काटेकोर द्या."

दहा दिवसांनी दादा बाहेरगावी होता. बाबांना वहिनीने आणि बारकीने दोन्ही बाजूंनी धरून नेलं, कारण त्यांचे पाय आपसात गुंतत होते. यावेळी डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता दुपटीच्या जवळ आहे. हे असं कसं? घरात औषध कोण देतं?"

"मी," वहिनी म्हणाली.

"जास्त देताय का? झटका आला म्हणून घाबरून?"

"नाही. पाच मिली. तीन वेळा."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग दोन डोस थांबवायला सांगितले, एवढंच. पण खोलीतली हवा बदलली. परत येताना रिक्षात बाबा मधे बसले होते आणि दोघी आपापल्या बाजूला रस्त्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी बारकी गेली तर औषधाची बाटली नेहमीच्या फळीवर नव्हती. ती कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. किल्ली वहिनीच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

"कुलूप कशाला?"

"असू दे," वहिनी म्हणाली. एवढंच.

आता बारकीला आणखी काय पुरावा हवा होता? चोराच्या मनात चांदणं, ती स्वतःशी म्हणाली. माप बरोबर आहे, मग घोळ मापात नाही, बाटलीतच आहे. काहीतरी मिसळलं जातंय.

तिने ठरवलं की नमुना घ्यायचा. कारखान्यात झिलईचे नमुने ठेवायला बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या असत. त्यातल्या दोन तिने पर्समध्ये टाकल्या. दादा नवी बाटली घेऊन आला त्या दिवशी संध्याकाळी वहिनीने पेला भरला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली, ती उघडायला गेली आणि बारकीने चार-पाच थेंब नव्हे, चांगला अर्धा पेला आपल्या काचेच्या बाटलीत ओतून घेतला. वहिनी परत आली तेव्हा बारकी म्हणाली, "सांडलं हो माझ्या हातून." वहिनीने पुन्हा पेला भरला.

दुसरा नमुना तिने बाराव्या दिवशी घेतला, तसाच. आणि तो पर्समधल्या पहिल्या नमुन्याशेजारी उजेडात धरला. पहिला नमुना पाणीदार, फिकट गुलाबी होता. हा दाट, पांढुरका, जवळजवळ खडूसारखा. ओतताना काचेला चिकटून खाली सरकत होता. नऊशे कप रोज बुडवणाऱ्या बाईला दाट-पातळ कळायला यंत्र लागत नाही. हे दोन्ही एकच औषध असणं शक्यच नव्हतं.

दादा आला त्या दिवशी तिने कामावर जायचं टाळलं. तो जेवून हात पुसत होता, वहिनी भांडी आवरत होती. बारकीने दोन्ही काचेच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. हलत हलत आल्यामुळे दोन्ही ढवळून निघाल्या होत्या. एक फिकट, एक दाट.

"हे काय?" दादाने विचारलं.

"हे तू आणलेलं औषध. आणि हे तू नसताना बाबांना मिळतं ते."

दादाला समजायला वेळ लागला. वहिनीला नाही लागला. तिने हातातली थाळी खाली ठेवली. ओले हात तसेच लोंबत होते.

"म्हणजे मी त्यात काही घालते?"

"मी तसं म्हटलं नाही. पण रक्त खोटं बोलत नाही, वहिनी. आणि ही बाटलीही नाही."

"तू काय म्हणतोस?" वहिनीने नवऱ्याला विचारलं.

दादा बाटल्यांकडे बघत राहिला. त्याने "नाही" म्हणायला हवं होतं. म्हणायचंही असेल त्याला. पण तो म्हणाला, "दोन्ही वेगळं दिसतंय खरं."

वहिनीने गळ्यातला दोरा काढला, कपाट उघडलं, नवी बाटली, मापाचा पेला, डॉक्टरांचा कागद, सगळं टेबलावर एका ओळीत मांडलं. "आठ, दोन आणि आठ. औषधाआधी चार घास द्यायचे. उजव्या कुशीवर झोपवायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची." मग आत जाऊन एक पिशवी भरली आणि आपल्या थोरल्या बहिणीकडे निघून गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं दादाला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

बारकी पिशवी घेऊन भावाकडे राहायला आली. कारखान्यातून अर्धा दिवस मागून घेतला. दादानेही एक फेरी दुसऱ्याला दिली. नवी बाटली बारकीने स्वतःच्या हाताने उघडली. वहिनीसारखंच, अलगद, फेस न येऊ देता, डोळ्यांच्या रेषेत पेला धरून पाच मिली. तीन दिवस बाबा छान होते. बारकीला वाटलं, झालं, उजाडलं.

पाचव्या दिवशी सकाळी दाढी करताना बाबांची मान मागे गेली. डोळे पांढरे झाले, वस्तऱ्याची डबी जमिनीवर घरंगळली. झटका चार मिनिटं टिकला. जीभ चावली गेली, उशी लाल झाली. संपल्यावर बाबा घामाने भिजून पडले, आणि दादा गुडघ्यांवर बसून त्यांच्या तोंडातलं रक्त पुसत होता.

पुसता पुसता त्याने विचारलं, "औषध तूच देत होतीस ना?"

"हो."

"सगळे डोस?"

"दादा, माझ्यावर संशय घेतोस?"

त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं. ती नजर बारकी ओळखत होती. चार महिने तिने ती स्वतः वापरली होती. ती आपल्यावर पडली की कातडी कशी चरचरते, हे तिला आज कळलं. मी काही केलं नाही, हे सिद्ध करायला तिच्याकडे तिच्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं. वहिनीकडेही नव्हतं.

संशयाला मग नवं घर शोधणं भाग होतं. औषधवाला! तोच भेसळ करत असणार. दोन्ही नमुने तिने कारखान्यातल्या आपल्या फळीवर ठेवले होते. दुपारी बाबांना झोप लागल्यावर दादाला बसवून ती तडक झिलई खात्यात गेली आणि फळीवरून बाटल्या उचलू लागली.

तेवढ्यात मुकादम मागून आला. साठी उलटलेला माणूस, कानात कापसाचे बोळे, सगळ्यांशी ओरडूनच बोलायची सवय.

"ही कुठली झिलई? गुलाबी कप काढतोय का आपण?"

"झिलई नाही हो. औषध आहे."

त्याने एक बाटली हिसकावून घेतली, उजेडात धरली. चार दिवस न हललेली. वर स्वच्छ गुलाबी पाणी, खाली बोटाच्या पेराएवढा पांढरा थर. दुसरीत वर जवळजवळ पाणीच, खाली नखाएवढा थर.

"गाळ बसलाय की!" मुकादम ओरडला. "इतकी वर्षं झाली तुला इथे, हेही सांगायला पाहिजे? ढवळ आधी, मग वापर." आणि त्याने बाटली अंगठ्याने दाबून दोनदा खालीवर केली. थर सुटला, धुरासारखा वर चढला, आणि सगळं एकसारखं दाट गुलाबी झालं.

बारकी तिथेच खुर्चीवर बसली.

रोज सकाळी कारखान्यात आल्यावर तिचं पहिलं काम हेच होतं. रात्रभरात टाकीतली सगळी माती तळाशी बसलेली असे. लाकडी फळीने ती उकरायची, ढवळणीची मोटर चालू करायची, आणि पूर्ण एकजीव झाल्याशिवाय एकही कप बुडवायचा नाही. मागच्या वर्षी मोटर जळली होती तेव्हा सकाळचे कप तसेच खडबडीत, उघडे निघाले आणि दुपारच्या कपांवर झिलईचे जाड पापुद्रे आले, सगळा माल फुटक्यात गेला. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण औषध म्हणजे औषध. ते बाटलीतून येतं आणि बरोबरच असतं. त्यात पाण्यात विरघळलेलं काही नसून नुसती तरंगणारी भुकटी असेल, तीही तळाशी बसत असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती धावतच घरी आली. बाटली खिडकीशी धरली. जाड तपकिरी काचेतून काही दिसेना, शिवाय खालचा अर्धा भाग लेबलने झाकलेला. तिने वहिनीच्या टोपलीतली विणकामाची सुई घेतली, धुतली, बाटलीत सोडली. तळाच्या थोडं आधीच सुई अडकली. दाबली तर ओल्या मातीत रुतावी तशी रुतली.

मग तिने लेबल वाचलं. औषधवाल्याने 'पाच मिली, तीन वेळा' असं लिहून आपली पांढरी पट्टी वर चिकटवली होती. बारकीने नखाने पट्टी सोलली. खाली छापलेलं होतं: वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी.

"दादा," तिने हाक मारली.

तिने दादाला समजावून सांगितलं. न हलवता ओतलं की आधीचे सात-आठ दिवस वरचं पाणी मिळतं, त्यात औषध कमी, म्हणून झटके. नंतर तळाचा गाळ येतो, प्रत्येक पेल्यात दुप्पट-तिप्पट औषध, म्हणून सुस्ती. तू घरी येतोस तेव्हा नवी बाटली उघडते. तू जातोस तेव्हा ती तळाला आलेली असते.

दादा पलंगाच्या पायाशी बसून राहिला. "मीच आणत होतो बाटली," तो म्हणाला. "आणि एकदाही मी माझ्या हाताने पाजलं नाही."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. "ही बाटली टाकून द्या. अजिबात वापरू नका, हलवूनसुद्धा नाही. त्यात आता काय प्रमाण उरलंय देव जाणे. नवी आणा, प्रत्येक वेळी हलवा, फेस बसू द्या, मग मोजा. हे मी सांगायला हवं होतं." बारकीने सोललेली पट्टी औषधवाल्याने हातात घेऊन कितीदा तरी पाहिली आणि दुकानातल्या फळीवरच्या तशाच सगळ्या बाटल्या एकेक करून खाली उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी बारकी वहिनीच्या बहिणीकडे गेली. वहिनी तिथेही काहीतरी उसवत बसली होती. बारकीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुकादम, गाळ, सुई, पट्टी. बोलताना एकदाही थांबली नाही, थांबले तर रडू येईल या भीतीने.

वहिनीने ऐकून घेतलं. "म्हणजे मी हलवायला हवी होती," ती म्हणाली. "माप चुकू नये म्हणून मी ती हलूसुद्धा दिली नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी रोज तेच काम करते, मला तरी कुठे कळलं! वहिनी, चूक माझी आहे. मी तुमच्याबद्दल जे बोलले..."

"बस आधी."

बारकी बसली. वहिनीने कात्री खाली ठेवली. काम न करता बोलणारी वहिनी बारकी पहिल्यांदाच पाहत होती.

"तुला एक विचारू? दादा नसला की रोज यायचीस. सूप आणायचीस. तू आलीस की बाबा पेंगायचे. मला काय वाटलं असेल?"

"माझ्यावर संशय?"

"मला वाटलं, झोपेचं काहीतरी घालतेस. बाबांना माझ्याकडे नीट ठेवलं जात नाही असं दाखवून त्यांना तुझ्याकडे न्यायचं असेल, असं वाटलं. म्हणून बाटलीला कुलूप घातलं. आणि तुझं सूप..." ती थांबली.

"काय?"

"मोरीत ओतत होते. तू नुसतं ठेवून जायचीस तेव्हा. दोन महिने."

"दोन महिने!" बारकी म्हणाली. "मी भाज्या बारीक चिरून चिरून..." आणि एकदम तिला हसू आलं, रडण्याच्या अगदी काठावरचं. वहिनी हसली नाही. पण तिच्या ओठांचं एक टोक हललं.

"फरक एवढाच," वहिनी म्हणाली, "की मी कुणाला सांगितलं नाही. मनात ठेवलं. तू टेबलावर मांडलंस. आणि तुझ्या भावाने बघितलं."

बारकी खाली पडलेले उसवलेले दोरे वेचू लागली.

वहिनी आठवड्याने परत आली. दादा स्वतः आणायला गेला होता. त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. पण तेव्हापासून घरी असला की सकाळचं औषध तोच द्यायचा. पहिल्या दिवशी झाकण नीट न लावता बाटली हलवली आणि शर्टापासून भिंतीपर्यंत सगळं गुलाबी करून ठेवलं. भिंतीवरचा तो डाग पुसला तरी गेला नाही.

झटके थांबले. सुस्ती गेली. बाबा खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचायला लागले. मात्र एक गोष्ट थांबली नाही. वहिनीने काहीही पुढे केलं की ते अजूनही हात आडवा धरायचे. "काय टाकलंस? दाखव." ती मुकाट्याने डबा आणून दाखवायची.

बारकी असली की मधे पडायची. "बाबा, ते मी तुमच्या डोक्यात भरवलं होतं. खोटं होतं. वहिनीने कधी काही टाकलं नाही."

"असं?" बाबा म्हणायचे. चेहऱ्यावर खरंच पटल्यासारखं दिसायचं. आणि दोन दिवसांनी पुन्हा हात आडवा. त्यांचा आजार गोष्टी विसरायला लावायचा, पण नेमकी ही एक गोष्ट त्याने जपून ठेवली होती. बारकीने ते वाक्य आजवर शंभरदा तरी म्हटलं असेल. अजून म्हणते.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या होत्या, आत दादा बाबांना घेऊन गेला होता. दादा बाहेर आला आणि त्याने कागद वहिनीच्या हातात दिला. आकडा जिथे असायला हवा होता तिथेच होता. वहिनीने तो दोनदा वाचला, मग बारकीपुढे धरला.

"वाच."

बारकीने वाचला.

"मंगळवारी मला पडदे लावायला जायचंय. एका शाळेचे आहेत, दिवस जाईल," वहिनी म्हणाली. "दादा तेव्हा नसेल. तू येशील का?"

"मी एकटी? बाबांपाशी?"

"हो. आठला ये. मी निघेन तेव्हा दुपारचं औषध कुठे आहे ते दाखवते." वहिनीने कागद पर्समध्ये ठेवला, चेन ओढली. मग जरा थांबून म्हणाली, "दोनला मी फोन करीन हं. दिलंस का ते विचारायला. राग मानू नकोस, मला अजून जमत नाहीये."

"करा," बारकी म्हणाली. "मी फोनजवळच बसते."

आतून बाबांचा आवाज आला. नर्स ताकदीचं इंजेक्शन द्यायला त्यांचा दंड दाबत होती आणि ते तिला विचारत होते की या सुईत नक्की काय आहे.